घाटात पोट, आकाशात कान

मुंबईहून विमान पहाटे तीनचं असेल, तर साताऱ्याचं कुटुंब आदल्या दिवशी संध्याकाळचा चहा उरकला की घराला कुलूप लावतं. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहायचं असतं. वाटेत खंबाटकीचा बोगदा, मग पुण्याची कोंडी, मग बोरघाट. घाटात एखादा कंटेनर बंद पडला की अर्ध्या तासाचे तीन तास होतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून हाताशी वेळ ठेवून निघायचं. आजी-आजोबा लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघालेले, सोबत सुट्टी संपवून परतणारी सून आणि नातवंडं. टपावर बॅगा, पायाशी पिशव्या. तिकिटावर नऊ-दहा तासांचं उड्डाण छापलेलं असतं. पण इकडच्या दारातून निघून तिकडच्या दारात पोहोचेपर्यंत जवळजवळ चोवीस तास होतात.

या चोवीस तासांची तयारी बहुतेक घरांत दोन निरनिराळ्या प्रवासांसारखी होते. विमानासाठी वजनकाट्यावर बॅगा चढतात, पासपोर्ट तीनदा तपासले जातात. गाडीच्या प्रवासाची तयारी म्हणजे फक्त पाण्याच्या बाटल्या आणि डिझेल. शरीराचा हिशेब मात्र एकच असतो. गाडीत सहा तास मुडपून ठेवलेले पाय पुढे विमानात दहा तास तसेच राहतात. घाटात उलटी झालेलं मूल कोरड्या पोटाने आणि कोरड्या घशाने विमानात चढतं. घाटासाठी घेतलेल्या गोळीची गुंगी इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत पुरते. म्हणून हा सगळा एकच प्रवास आहे असं धरून त्याच्याकडे पाहायला हवं.

सुरुवात मागच्या सीटपासून करू. कडेला बसलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल मोबाइलवर गेम खेळत असतं. लोणावळा मागे पडतं, वळणं सुरू होतात. मूल आधी जांभया देतं, मग गप्प होतं. ही गप्पगप्प होण्याची वेळ अनुभवी आईच्या लगेच ध्यानात येते. त्यानंतर चेहरा पांढुरका पडतो, वरच्या ओठावर बारीक घाम फुटतो, तोंडात पाणी सुटू लागतं आणि मूल सारखं गिळू लागतं. इथपर्यंत गाडी थांबवली, मोबाइल काढून घेतला आणि वारा लागू दिला तर बरंचसं निभावतं. याच्या पुढे गेलं की पिशवी शोधायची धावपळ.

गाडी लागण्याचं मूळ पोटात नाही, कानात आहे. कानाच्या अगदी आतल्या भागात, एकमेकींशी काटकोन करून बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की हा द्रव किंचित मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळण समजतं. शेजारीच दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत मऊ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक बसवलेले असतात. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, चाक खड्ड्यात गेलं की हे स्फटिक सरकतात आणि मेंदूकडे खबर जाते. आता त्या मुलाचे डोळे मेंदूला सांगत असतात की समोरचा पडदा स्थिर आहे, म्हणजे आपणही स्थिर आहोत. कान सांगत असतो की आपण डावीकडे कललो, आता उजवीकडे, आता खाली. या दोन खबरा जुळत नाहीत आणि त्या न जुळण्यातून मळमळ सुरू होते.

कानाशिवाय ही तक्रार होतच नाही, याचा सुगावा जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिरांची पाहणी केली. त्यांतल्या पुष्कळांना गरागरा फिरवलं तरी चक्कर येत नव्हती आणि अशा माणसांना बोट लागण्याचा त्रासही होत नसल्याचं दिसलं. ज्यांच्या आतल्या कानाचं तोल सांभाळण्याचं काम पूर्ण बंद पडलेलं असतं त्यांना गाडी, बोट, विमान काहीच लागत नाही, हे पुढे पक्कं झालं.

पण खबरा जुळल्या नाहीत म्हणून उलटी का व्हावी? डोकं दुखलं असतं, झोप आली असती, तेही चाललं असतं. ब्रिटिश संशोधक मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ मध्ये एक विचार मांडला, आणि आजही त्याची चर्चा होते. गाड्या आणि बोटी माणसाच्या इतिहासात फार अलीकडच्या. त्याआधीच्या लाखो वर्षांत डोळे आणि कान यांच्या खबरांत गोंधळ होण्याचं एक मोठं कारण म्हणजे पोटात गेलेलं विष. तेव्हा गोंधळ जाणवला की पोट रिकामं करणं हा शहाणपणाचा मार्ग होता. हे सिद्ध झालेलं नाही, पण आजवर सुचलेल्या उत्तरांत ते सर्वांत पटण्याजोगं आहे.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात त्रास सर्वांत जास्त होतो, साधारण नवव्या वर्षाच्या आसपास तो शिगेला पोहोचतो आणि पुढे उतरत जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही गरोदरपणात आणि अर्धशिशी असलेल्यांना तो अधिक होतो. सगळ्यात कमी त्रास होतो तो गाडी चालवणाऱ्याला. वळण येण्याआधीच त्याला ते ठाऊक असतं, स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं आणि नजर दूरच्या रस्त्यावर असते. मेंदूला धक्का अनपेक्षित राहत नाही. गाडी ज्यांना लागते त्यांनीही शक्य तेवढं हेच करायचं असतं, म्हणजे पुढे आणि दूर पाहायचं. मुलाला मात्र पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं धोक्याचं. एअरबॅग उघडली तर तीच त्याच्या जिवावर येऊ शकते. मागच्या सीटच्या मधोमध, जिथून समोरची काच दिसते तिथे त्याला पट्टा लावून बसवावं.

हेलकाव्यांचा वेगही महत्त्वाचा आहे. भराभर बसणाऱ्या हादऱ्यांनी अंग दुखतं, पण मळमळत नाही. प्रयोगांत सर्वांत त्रासदायक ठरतो तो साधारण पाच सेकंदांत एक, असा संथ हेलकावा. बोट लागते ती म्हणूनच. आणि घाटातल्या नागमोडी वळणांवर सावकाश झुलत उतरणारी भरलेली गाडी या लयीच्या जवळ जाते.

खाण्याचं म्हणाल तर उपाशी पोट वाईट आणि तुडुंब पोट त्याहून वाईट. थांब्यावरचे गरम वडे घाट उतरल्यावर खावेत, त्याआधी सुकी पोळी किंवा बिस्किटं पुरतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे दुकानोदुकानी मिळणारा आलेपाक बरेच जण बरोबर ठेवतात. आल्यावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, काहींत गुण दिसला, काहींत नाही. पण त्याने अपाय होत नाही, तेव्हा आलेपाक खुशाल चघळावा. गाडीत टांगलेली सुगंधी बाटली मात्र काढून ठेवावी.

औषधाच्या गोळीबाबत दोन चुका घरोघर होतात. पहिली वेळेची. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी पोटात नुसती पडून राहते, म्हणून ती घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधीच घ्यायची असते. दुसरी चूक वयाची. आपल्याकडे या त्रासावर सर्रास घेतलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांच्या आतल्या मुलाला देऊच नये, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. वयस्कर माणसांत त्याने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, कधी भान हरपल्यासारखं होतं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना शेजारच्या मेडिकलमधून परस्पर गोळी आणून देणं आणि मग रात्रभर विमानात बसवणं हा धोका आहे. डॉक्टरांना आधी विचारायला पाच मिनिटं लागतात.

बोरघाट आणखी एक गोष्ट करतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडं उंच आहे, खोपोली जवळजवळ पायथ्याला. रस्ता मोकळा असेल तर गाडी ही उंची वीसेक मिनिटांत उतरते आणि बाहेरच्या हवेचा दाब साठ-पासष्ट हेक्टोपास्कलनी वाढतो. कानाचे दडे बसतात, मग गिळताना टक् आवाज होऊन मोकळे होतात. विमान उतरताना यापेक्षा काही वेगळं घडत नाही, फक्त दाबातला फरक साधारण चौपट असतो. ज्याचे कान सर्दीमुळे घाटातच मोकळे झाले नाहीत, त्याला विमान उतरताना त्रास होणार याची ही पूर्वसूचना समजावी.

मधल्या कानात पडद्यामागे हवा असते आणि ती युस्टेशियन नावाच्या बारीक नलिकेने घशाच्या वरच्या भागाशी जोडलेली असते. विमान वर जाताना कानातली हवा फुगते आणि नलिकेतून आपोआप बाहेर पडते. उतरताना उलट घडतं. बाहेरचा दाब वाढत जातो, आतला कमी राहतो आणि नलिकेचं तोंड ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या तोंडासारखं चिकटून बसतं. ते उघडायला स्नायूंचं काम लागतं, आणि ते काम गिळताना किंवा जांभई देताना होतं. लहान मुलांत ही नलिका अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे विमान खाली येऊ लागलं की सगळीकडून बाळांची रडारड ऐकू येते.

या दुखण्याची पहिली प्रसिद्ध नोंद विमानांच्या फार आधीची आहे. १ डिसेंबर १७८३ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्ल यांनी पॅरिसमधून हायड्रोजनच्या फुग्यातून उड्डाण केलं. सोबत एक सहकारी होता. दोन तासांनी फुगा खाली उतरला, सहकारी पायउतार झाला आणि हलका झालेला फुगा शार्ल यांना एकट्याला घेऊन भर्रकन सुमारे तीन हजार मीटर उंच गेला. खाली सूर्य मावळला होता, वर गेल्यावर तो त्यांना पुन्हा दिसला आणि त्याच दिवशी त्यांनी दुसरा सूर्यास्त पाहिला. पण उजव्या कानात असह्य कळ आली. त्यानंतर शार्ल पुन्हा कधीही फुग्यात चढले नाहीत. वायूचं आकारमान आणि तापमान यांचा नियम ज्यांच्या नावाने शाळेत शिकवतात तेच हे शार्ल.

आजचं प्रवासी विमान साडेदहा ते बारा किलोमीटर उंचीवर उडतं. बाहेर उणे पंचावन्न अंशांच्या आसपासची थंडी असते आणि हवेचा दाब जमिनीवरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. अशा हवेत माणूस मिनिटाभरात शुद्ध हरपू शकतो, म्हणून केबिनमध्ये दाबलेली हवा सोडतात. ती मात्र जमिनीवरच्याइतकी दाबलेली नसते. तेवढा फरक झेलायचा तर विमानाचा सांगाडा फार जड करावा लागेल. म्हणून आतला दाब २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवायला परवानगी असते, बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत १,८०० मीटरइतका. महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या घरात आहे. म्हणजे प्रवासी रात्रभर महाबळेश्वरपेक्षाही बरेच उंच बसलेले असतात. चिवड्याचं पाकीट टम्म फुगतं, पोटातला गॅसही तसाच फुगतो. दमेकरी, हृदयविकार असलेले आणि रक्त फार कमी असलेले यांना ऑक्सिजनची ही घट जाणवू शकते, त्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोललं पाहिजे.

हा दाब राखला गेला नाही तर काय होतं, ते २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईकरांनी पाहिलं. मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात केबिनमध्ये हवा दाबणारी यंत्रणा चालू करायची राहून गेली. विमान वर चढलं, छतातून ऑक्सिजनचे मास्क खाली आले. १६६ प्रवाशांपैकी तीसेक जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत फिरवावं लागलं. नेहमीच्या प्रवासात केबिनचा दाब संगणक इतक्या सावकाश बदलतो, की बहुतेक निरोगी कानांना तो गिळून गिळून झेलता येतो.

गिळण्यासाठी जागं मात्र असावं लागतं. झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. विमान उतरण्याची क्रिया चाकं टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी सुरू होते. इंजिनांचा आवाज मंदावतो, नाक किंचित खाली झुकतं. आजी-आजोबांना जागं करण्याची आणि बाळाला पाजायला घेण्याची हीच वेळ. पट्टे बांधायची सूचना होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. मोठ्या मुलांना गोळी चघळायला द्यावी. मोठ्यांनी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा फुंकावी. इटालियन वैद्य अंतोनिओ मारिया वाल्साल्वा यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णिलेली ही युक्ती हलक्या फुंकरीनेच करायची असते, जोर लावला तर कानाला इजा होते.

पायांचं दुखणं इतकं गाजत नाही, पण ते अधिक गंभीर आहे. १९४० साली लंडनवर बॉम्बहल्ले सुरू असताना हजारो लोक रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी बसून काढत. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आलं, की फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू एकाएकी वाढले आहेत. लोक घडीच्या कापडी खुर्च्यांवर झोपत होते आणि खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखालच्या शिरा दाबत होती. पुढे १९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकन शल्यचिकित्सकाने पायांतल्या गुठळ्यांची काही उदाहरणं प्रसिद्ध केली. एक गुठळी चौदा तासांच्या विमानप्रवासानंतरची होती, पण इतर काहींत लांबचा मोटारप्रवास होता आणि नाट्यगृहात बसून राहणंही होतं.

म्हणजे दोष विमानाचा नाही, मुडपलेल्या गुडघ्यांनी न हलता बसण्याचा आहे. पायांतलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू चालताना करतात. ते थांबले की रक्त साचतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग तो विमानाचा असो, गाडीचा, बसचा वा रेल्वेचा. निरोगी माणसात तरीही तो फार थोडा, सहा हजारांत एक, एवढाच राहतो. पण नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी, पूर्वी गुठळी झालेला माणूस, कर्करोगाचा रुग्ण, बाळंतीण किंवा गरोदर बाई यांचं गणित वेगळं असतं. दाब देणारे मोजे घालायचे का, औषध घ्यायचं का, हे त्यांनी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. आणि अशा माणसाच्या पायाशी गाडीत लोणच्याच्या बरण्यांची पिशवी ठेवू नये. गाडीत पाय मोकळे राहिले आणि दर दीड-दोन तासांनी खाली उतरून चालणं झालं, तर विमानात चढताना सहा तासांचं बसणं खात्यावर जमा नसतं.

मधुमेह्यांचं इन्शुलिन कायम हातातल्या पिशवीत असावं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते तापून वाया जातं आणि विमानाच्या सामानकक्षात गोठू शकतं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, लंडनला साडेचार-साडेपाच तासांनी. तेव्हा डोस कधी घ्यायचा याचं वेळापत्रक निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणलेलं असावं.

विमानतळाच्या दारात मिठ्या मारून झाल्या, ट्रॉल्या आत गेल्या की कुटुंबातला एक माणूस बाहेर उरतो. धाकटा मुलगा, जावई किंवा भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याची काळजी सहसा कोणी करत नाही, आणि या दिवसातला सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो. तो सकाळी सहाला उठलेला असतो, दिवसभर धावपळ करून सहा तास गाडी हाकत आलेला असतो आणि मध्यरात्री त्याला पुन्हा अडीचशे किलोमीटर परत जायचं असतं. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मंदावतो. भारतात मोटार वाहन कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यातच पहाटे दोन ते पाच ही वेळ अशी, की शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढतं. खिडकी उघडली, मोठ्याने गाणी लावली, तर जाग फार तर काही मिनिटं टिकते.

म्हणून त्याच्या मुक्कामाची सोय तिकिटांबरोबरच ठरवायला हवी. पनवेलला, ठाण्याला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना आधीच फोन करून ठेवावा. भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वेगळे द्यावेत आणि 'लगेच निघ' असा आग्रह धरू नये. निघणं अगदीच अटळ असेल तर जिम हॉर्न आणि लुईझ रेनर या ब्रिटिश संशोधकांनी तपासून पाहिलेला उपाय कामी येतो. आधी कडक कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटांची डुलकी काढायची. कॉफीचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही पदरात पडते. ही डुलकी द्रुतगती महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून घेऊ नये, कारण तिथे उभ्या गाडीवर मागून ट्रक आदळण्याचे प्रकार घडतात. खालापूरच्या फूड मॉलसारख्या उजेडाच्या जागी, इंजिन बंद करून, काच बोटभर उघडी ठेवून घ्यावी. तिचा गुण साधारण एखाद-दुसरा तास टिकतो आणि साताऱ्याचं अंतर त्याहून जास्त आहे. तेव्हा पुण्यात पुन्हा थांबावं, आणि तिथे ओळखीचं घर असेल तर तिथेच सकाळपर्यंत झोपावं.